अगरबत्तीचा अहवाल

भांडुपला, सोनापूरच्या चढावर,
पत्र्याच्या कपाटांवर रंग भाजणारा कारखाना.
मी ऊर्जा-तपासनीस. पिशवीत वाऱ्याचं मीटर,
उष्णता मोजायची बंदूक, कोरा फॉर्म
आणि देवघरातली केवड्याची अगरबत्ती.
कंपनीची धूरकांडी महाग पडते.

छताला बारा पंखे. बाराही चालू.
"आणखी चार लावू का?" मालक ओरडले.
तिथे सगळेच ओरडून बोलायचे.

भट्टीपाशी अन्वर दळवी.
दर अकरा मिनिटांनी दोनशे अंशांचं दार उघडतो,
कपाटाची पाठ बाहेर ओढतो, दार लावतो.
त्याच्या मानेशी मी अगरबत्ती धरली.
धूर वर गेला, थबकला,
आणि उचल मागायला गेलेल्या माणसासारखा
तसाच खाली आला.

हवा आळशी असते.
दारातून आत शिरते, पहिला पंखा गाठते,
हजेरी लावते आणि घरी.
अन्वरपर्यंत चाळीस पावलं कोण चालणार?
पलीकडचे पाच पंखे तर
एकमेकांनी टाकलेलीच हवा
पुन्हा पुन्हा ओढत होते. मीटर फिरत होतं.

भट्टीच्या धुरांड्यातून
एकशे साठ अंशांचा वारा आभाळात,
आणि दहा पावलांवर, पत्रे धुवायच्या टाकीखाली,
पाणी तापवायला डिझेल.
मध्ये एक भिंत.
अलीकडे ऊब विकत आणायची, पलीकडे फेकून द्यायची.
त्या भिंतीला बिल कुणी दाखवलंच नव्हतं.

मी नकाशा काढला. पश्चिमेला खाली झडपा,
माथ्यावर लांब फट, ऊन हवेला तिचा स्वभाव पाळू दे,
आणि धुरांड्याला पोटात पन्हळी असलेली पेटी:
धूर एका बाजूने, पाणी दुसऱ्या बाजूने,
एकमेकांना न शिवता देणंघेणं.

पत्र्याचं काम वसईच्या पास्कोल रुमावकडे.
त्याने नकाशा गुडघ्यावर पसरला, बराच वेळ पाहिला.
"मॅडम, हा वारा कुठला?"
वेधशाळेचा, मी म्हटलं, सांताक्रूझचा.
"मग झडपा सांताक्रूझला लावा.
इथे मध्ये डोंगर आहे."
गल्लीच्या बाजूला त्याने वाळत घातलेली लुगडी दाखवली.
सगळी एकाच दिशेला फुगलेली, रोज, तीननंतर.
मी खोडरबर काढलं.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस ठोकाठोक.
पाडव्यानंतर भट्टी पेटली.
मी एकेक बटण खाली करत गेले.
नववा पंखा थांबला, पाती अजून गरगरत,
तेवढ्यात अन्वर धावत आला:
"लाइट गेली?"

गेली नव्हती. तीन पंखे हळू चालले होते,
गल्लीतून कुणाच्या तरी फोडणीचा वास आत येत होता
आणि त्याच्या मानेशी धरलेला धूर
तिरका होऊन, सावकाश, माथ्याकडे निघाला होता.
"गार नाही," तो म्हणाला. ओरडूनच.
"पण चिकटत नाही."
एकोणीस वर्षं पंख्यांच्या वरच्या पट्टीत बोलल्यावर
गळा काही एका बटणाने उतरत नाही.
घरी म्हणतात, हा साधं मीठ मागतो तरी भांडतो.

फॉर्म भरला. युनिट: वाचली.
डिझेल: टाकीपुरतं जवळजवळ बंद.
खर्च चौदा महिन्यांत वसूल, पास्कोलचा उशीर धरून.
मालकांनी आकड्याखाली दोनदा रेघ मारली.
मानेसाठी रकाना नव्हता, गळ्यासाठीही नव्हता.

अकरा मिनिटं झाली. अन्वरने दार उघडलं
आणि तिथेच उभा राहिला.
अर्धं लावलं. पुन्हा उघडलं.
"हे किरकिरतं?"
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
"कधीपासून?"
कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी 'इतर शिफारशी' नावाची एक रिकामी ओळ असते.
तिथे लिहिलं:
बिजागरीला तेल. आजच.